विश्लेषण : ‘हौस असेल तर ट्रॅकवर जा’ म्हणणे सोपे, पण ‘ट्रॅक डे’ नेमका असतो कसा?

समाजमाध्यमांवर दर काही दिवसांनी अशी एखादी चित्रफीत फिरते. रात्रीचा द्रुतगती मार्ग, दोन-तीन महागड्या गाड्या, स्पीडोमीटरवर दोनशेच्या पुढचा आकडा आणि मागे गाण्याचा ठेका. खालच्या प्रतिक्रियांमध्ये एक वाक्य हमखास सापडते, ‘एवढीच हौस आहे तर ट्रॅकवर जा ना.’ सल्ला बरोबर आहे. पण ट्रॅकवर जायचे म्हणजे कुठे जायचे, तिथे कुणाला आत घेतात, काय करू देतात आणि गाडी ठोकली तर खर्च कुणाच्या माथी येतो, हे सल्ला देणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते.

अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत स्पोर्ट्स कार मालकांचे क्लब अनेक दशकांपासून असे दिवस भरवतात. भारतातही आता हौशी चालक, मोटार कंपन्या आणि काही खासगी आयोजक सर्किट भाड्याने घेऊ लागले आहेत. हे दिवस कसे चालतात, त्यांत धोका कुठे असतो आणि महाराष्ट्रातल्या हौशी चालकापुढे कोणते पर्याय आहेत, याचा हा आढावा.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत का नाही?

शर्यतीत पहिला कोण आला याला महत्त्व असते. ट्रॅक डेमध्ये निकालच लागत नाही. एखादा क्लब किंवा आयोजक दिवसभरासाठी सर्किट भाड्याने घेतो, सभासद आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि ठरावीक वेळेच्या सत्रांमध्ये सर्किटवर फेऱ्या मारतात. बक्षीस नाही, क्रमांक नाही. अनेक क्लबांत तर फेरीची वेळ मोजण्यासही मनाई असते. घड्याळ आले की माणूस स्पर्धा करू लागतो आणि शिकणे मागे पडते, हा त्यामागचा अनुभव.

पोर्शे क्लब ऑफ अमेरिका हे याचे ठळक उदाहरण. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचे आज लाखाहून अधिक सदस्य आहेत. तिथे या उपक्रमाचे नावच ‘ड्रायव्हर एज्युकेशन’, म्हणजे चालक प्रशिक्षण असे आहे. १९६९ पासून चालत आलेला बीएमडब्ल्यू मालकांचा अमेरिकी क्लबही याच धर्तीवर शाळा भरवतो. नावातल्या या फरकाला व्यावहारिक अर्थ आहे. शर्यत म्हटली की वेगळा परवाना, वेगळी गाडी आणि वेगळा विमा लागतो. प्रशिक्षण म्हटले की रोज ऑफिसला नेली जाणारी गाडीही चालते, फक्त ती तपासणीत उतरली पाहिजे.

दिवस सुरू कसा होतो?

गाडी सर्किटवर नेण्याआधी तिची तपासणी होते. टायरची झीज, चाकांचे नट, ब्रेक पॅडची जाडी, बॅटरी घट्ट बसवली आहे की नाही, कुठे तेलगळती आहे का, सीटबेल्ट नीट अडकतो का, हे सगळे पाहिले जाते. ब्रेक ऑइल ताजे आहे का हा प्रश्न तर हमखास विचारला जातो. गाडीतल्या सुट्या वस्तू बाहेर काढायला लावतात. पाण्याची बाटली, पायाखालची मॅट, डिकीतला जॅक, मोबाइल, सगळे. जोरात ब्रेक मारताच सीटखालची बाटली घरंगळत ब्रेकच्या पायाखाली गेली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर सगळ्या चालकांची बैठक होते. तिला गैरहजर राहणाऱ्याला अनेक आयोजक गाडी चालवू देत नाहीत. सर्किटवर कुठून शिरायचे, कुठून बाहेर पडायचे, गाडी बंद पडली तर काय करायचे आणि कोणता झेंडा काय सांगतो, हे तिथे समजावले जाते. देशागणिक थोडा फरक असला तरी झेंड्यांची भाषा साधारण अशी असते :

- पिवळा : पुढे धोका आहे. वेग कमी करा, कुणालाही ओलांडू नका.
- लाल : सत्र थांबले आहे. वेग आवरून, बैठकीत सांगितल्याप्रमाणे थांबा किंवा पिटमध्ये परत या.
- निळा : मागून जास्त वेगाची गाडी येत आहे, तिला जाऊ द्या.
- पिवळ्या-लाल पट्ट्यांचा : रस्त्यावर तेल, माती किंवा तुकडे आहेत, पकड कमी असेल.
- काळा : तुमच्याशी बोलायचे आहे, पिटमध्ये या.
- चौकटींचा : सत्र संपले. शेवटची फेरी सावकाश मारा, ब्रेक थंड होऊ द्या.

चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात. नवशिक्याच्या शेजारच्या सीटवर प्रशिक्षक बसतो. तो कधी वळायचे, कधी ब्रेक दाबायचा हे सांगतोच, शिवाय चालकाची नजर कुठे आहे याकडेही लक्ष ठेवतो. रस्त्यावर आपण समोरच्या गाडीच्या दिव्यांकडे पाहत चालवतो. सर्किटवर नजर पुढच्या वळणावर ठेवावी लागते. गाडी घसरू लागली तरी भिंतीकडे न बघता जिथे जायचे आहे तिकडे बघायचे, हा धडा ऐकायला सोपा आणि अमलात आणायला कठीण. प्रशिक्षकाने पुरेशी खात्री दिल्याशिवाय चालकाला एकट्याने गाडी चालवण्याची परवानगी मिळत नाही.

ओलांडण्याचा नियम सर्वांत कडक का?

हौशी चालकांच्या गर्दीत सर्वांत मोठा धोका गाड्या एकमेकींवर आदळण्याचा. म्हणून क्लबच्या ट्रॅक डेमध्ये कुठेही, कसेही ओव्हरटेक करता येत नाही. नवशिक्यांच्या गटात त्यासाठी ठरावीक सरळ पट्टे नेमलेले असतात. तिथेही पुढच्या चालकाने हात खिडकीबाहेर काढून कुठल्या बाजूने जायचे ते दाखवले तरच मागच्याने जायचे. हात दिसला नाही तर मागेच राहायचे, मग गाडी कितीही ताकदवान असो.

या नियमाने रस्त्यावरचा नेहमीचा क्रम उलटा होतो. रस्त्यावर मागचा चालक हॉर्न आणि दिवे मारून वाट मागतो. इथे वाट देण्याचा निर्णय पुढच्याच्या हातात असतो, पण ती न देता अडून बसणाऱ्यालाही निळा झेंडा आणि मग काळा झेंडा दिसतो. सहाशे अश्वशक्तीची गाडी घेऊन आलेला नवशिका आणि छोट्या हॅचबॅकमध्ये बसलेला अनुभवी चालक एकाच सर्किटवर असतील, तर वळणांवर हॅचबॅकच पुढे निघून जाते असे चित्र वारंवार दिसते. गाडीची किंमत आणि चालकाचे कौशल्य यांचा संबंध नसतो, हे तिथे पहिल्या तासाभरात उघड होते.

साधी गाडी सर्किटवर टिकते का?

वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते, २०० ला सुमारे ५५ मीटर. दीड टन वजनाची गाडी २०० वरून ६० वर आणायची तर ब्रेकना जेवढी उष्णता पचवावी लागते, तेवढ्यात साधारण साडेसहा लिटर साधे पाणी उकळीला येईल. आणि हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते.

रस्त्यासाठी बनवलेले ब्रेक पॅड काही फेऱ्यांनंतर या उष्णतेने पकड सोडू लागतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, त्यामुळे जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. प्रमाणित ‘डॉट ४’ ब्रेक ऑइलसाठी तो ताजे असताना किमान २३० अंश सेल्सियस, तर ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचा पाय नुसताच खाली जातो. म्हणूनच तपासणीत ब्रेक ऑइलच्या वयाला एवढे महत्त्व दिले जाते.

खर्चाचा हिशेबही इथूनच सुरू होतो. प्रवेशशुल्क हा त्याचा एक भाग. एरवी हजारो किलोमीटर चालणारे टायर आणि ब्रेक पॅड सर्किटवर काही दिवसांतच बदलायला येऊ शकतात. वॉरंटीच्या अटींमध्ये स्पर्धा किंवा सर्किटवरील वापर वगळलेला आहे का, हेही आधी पाहावे लागते.

न्यूरबर्गरिंगवर कुणीही गाडी चालवू शकतो, ते कसे?

ट्रॅक डेचा विषय निघाला की जर्मनीतील न्यूरबर्गरिंगचे नाव येतेच. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या संकुलातील नॉर्डश्लायफे हा भाग २० किलोमीटरहून लांब आहे आणि दाट झाडीतून चढउतार करत जातो. १९७६ मध्ये इथेच निकी लाउडा यांच्या गाडीला भीषण अपघात होऊन आग लागली. फॉर्म्युला वनची शर्यत त्यानंतर या भागावर पुन्हा झाली नाही. आज मात्र सामान्य पर्यटक सुमारे ३० ते ३५ युरोचे तिकीट काढून इथे स्वतःच्या गाडीने एक फेरी मारू शकतो.

हा प्रकार क्लबच्या ट्रॅक डेपेक्षा अगदी वेगळा आहे. पर्यटकांच्या वेळेत नॉर्डश्लायफे हा एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता मानला जातो आणि जर्मनीचे वाहतूक नियम तिथे लागू होतात. ओलांडायचे ते डावीकडूनच, फेरीची वेळ मोजायची नाही. शेजारी प्रशिक्षक नसतो, अनुभवानुसार गट नसतात. त्यामुळे एकाच वळणावर स्पोर्ट्स कार आणि कुटुंबाला घेऊन आलेली व्हॅन एकत्र येऊ शकतात. कडेचा लोखंडी कठडा वाकवला तर त्याचे बिल चालकाला येते, गाडी उचलून नेण्याचे वेगळे. परदेशी सहलीत भाड्याने घेतलेली गाडी इथे नेण्याचा बेत करणाऱ्यांनी भाडेकरार नीट वाचलेला बरा. बहुतेक भाडे कंपन्यांचा याला सक्त मनाई करणारा नियम असतो.

अपघात झाला तर जबाबदार कोण?

ट्रॅक डेच्या आधी प्रत्येकाला एका कागदावर सही करावी लागते. ‘धोक्याची कल्पना आहे, काही झाले तर आयोजकांवर दावा करणार नाही,’ असा त्याचा मथितार्थ. ही सही झाली म्हणजे प्रश्न मिटला, असा समज आहे. कॅलिफोर्नियातील एका प्रकरणाने त्याला तडा दिला.

२ जून २००५ रोजी फॉन्टाना येथील कॅलिफोर्निया स्पीडवेवर फेरारी मालकांच्या क्लबचा ट्रॅक डे होता. सरळ पट्ट्यावर एक पोर्शे करेरा जीटी मोठ्या वेगात येत असताना पिटमधून एक फेरारी कमी वेगाने सर्किटवर शिरली. तिला चुकवताना पोर्शेवरचा ताबा सुटला आणि ती काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. चालक आणि शेजारी बसलेला त्याचा मित्र, दोघांचाही मृत्यू झाला.

मित्राच्या पत्नीने दावा दाखल केला. त्याने सही केली होती, तरीही. दाव्यातले आक्षेप एकट्या चालकापुरते नव्हते. फेरारीला चुकीच्या वेळी सर्किटवर सोडले गेले, भिंत सर्किटच्या जास्त जवळ होती, गाडीत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्हती, असे मुद्दे त्यात होते. २००७ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरवर न्यायालयाबाहेर तडजोड झाली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, जवळपास निम्मा वाटा मृत चालकाच्या मालमत्तेतून, मोठा वाटा सर्किट आणि आयोजकांकडून, तर उरलेला छोटा हिस्सा गाडीची कंपनी आणि फेरारीचा चालक यांच्याकडून आला.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात स्पष्ट केले, की आधीच सही करून घेतली म्हणून घोर निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटका होत नाही. ही तडजोड काही न्यायनिवाडा नव्हता आणि अमेरिकेतला कायदा भारतात जसाच्या तसा लागू होत नाही. पण ट्रॅक डेचा धोका फक्त पाय ॲक्सिलरेटरवर असलेल्या माणसात नसतो, ही गोष्ट या प्रकरणातून नीट दिसते. पिटच्या तोंडाशी झेंडा घेऊन उभा असलेला माणूस, भिंतीची जागा, गाड्यांमधला वेगाचा फरक, यांतले काहीही चुकले तर जीव जातो.

भारतात विमा मिळतो का?

भारतात खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा एक भाग असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या क्षमतेची चाचणी अशा वापरासाठी पॉलिसी लागू नाही, असे त्यात लिहिलेले असते. ‘आमची शर्यत नव्हती, प्रशिक्षण होते,’ असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर लाखोंची दुरुस्ती अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही. विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्यावे किंवा गाडीचे नुकसान स्वतःच्या खिशातून भरण्याची तयारी ठेवावी.

अमेरिकेत यासाठी फक्त त्या दिवसापुरता वेगळा विमा विकत मिळतो. भारतात हौशी चालकांची संख्या अजून लहान असल्याने असे पर्याय सर्रास दिसत नाहीत. चालकाचा स्वतःचा अपघात विमा आणि आरोग्य विमा धोकादायक क्रीडाप्रकार वगळतो का, हा प्रश्न तर बहुतेकांच्या मनातही येत नाही.

ट्रॅकवर शिकलेला चालक रस्त्यावर जास्त सुरक्षित असतो का?

ट्रॅक डेच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा, की वेगाची खुमखुमी सर्किटवर जिरते आणि शिकलेले कौशल्य रस्त्यावर कामी येते. भारतातल्या आकड्यांकडे पाहिले तर हा मोह समजण्यासारखा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ जण रस्ते अपघातांत दगावले आणि त्यातील सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग हे नोंदवले गेले.

संशोधन मात्र सावध करणारे आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन राज्यांतील, शर्यतीचा राष्ट्रीय परवाना असलेल्या चालकांची रस्त्यावरील वागणूक तपासली गेली. त्यांच्या नावावर सामान्य चालकांपेक्षा वेगमर्यादा भंगाचे गुन्हे आणि अपघात अधिक निघाले. शर्यतीने त्यांना तसे बनवले, की मुळात वेगाची आवड असलेलेच शर्यतीकडे वळतात, हे त्यातून ठरत नाही. पण कौशल्य वाढले की अपघात आपोआप कमी होतात, ही समजूत तिथे टिकली नाही.

दुसरा दाखला नॉर्वेचा. तिथे १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. १९८८ मध्ये त्याचा हिशेब मांडला गेला, तेव्हा निसरड्या रस्त्यांवर तरुण पुरुषांचे अपघात वाढलेले दिसले. गाडी घसरली तरी आपण सावरू, हा भरवसा कौशल्यापेक्षा वेगाने वाढला, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे अशा प्रशिक्षणाचा भर घसरण सावरण्यावरून ती मुळात टाळण्याकडे वळवण्यात आला.

पुण्यातील कल्याणीनगरच्या घटनेनंतरही ट्रॅकची चर्चा झाली होती. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि तो मद्यप्राशन केलेला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. अशा प्रकरणात शहराजवळ सर्किट असते तरी काय बदलले असते, हा प्रश्न विचारायला हवा. परवाना नसलेल्या किंवा दारू प्यायलेल्या चालकाला कोणताही शिस्तीचा ट्रॅक डे फाटकातूनच परत पाठवतो. ते काम रस्त्यावर कायद्याने आणि घरात पालकांनी करायचे असते. ट्रॅक त्याची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रातल्या हौशी चालकाने जायचे कुठे?

हौशी चालकांच्या माहितीतली भारतातील प्रमुख सर्किट महाराष्ट्राबाहेर आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे ३.७ किलोमीटरचे सर्किट आहे. त्याआधी हा क्लब शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर शर्यती भरवायचा. कोइमतूरजवळ २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आहे. रेसिंग चालक आणि गाड्यांचे रचनाकार एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिले आहे. ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ मध्ये सुरू झाले. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली, २०२३ मध्ये मोटोजीपीही झाली. आलिशान मोटारींच्या कंपन्या आपल्या ग्राहकांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम तिथे घेतात.

मुंबई-पुण्याहून ही तिन्ही ठिकाणे हजार किलोमीटरपेक्षा दूर. गाडी चालवत न्यायची म्हटले तर दोन दिवस जाण्यात, दोन येण्यात. ट्रकवर चढवून न्यायची तर खर्च वाढतो. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची अतिवेगाची धावपट्टी आहे, पण ती मुख्यतः कंपन्यांच्या वाहन चाचण्यांसाठी बांधलेली आहे.

महाराष्ट्रात मोटारस्पोर्टची हौस कमी नाही. नाशिकला रॅलीची परंपरा आहे, कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. मात्र ड्रॅगमध्ये गाडी सरळ रेषेत पळते. वळणाआधी ब्रेक कधी दाबायचा, दुसऱ्याला वाट कशी द्यायची, हे तिथे शिकता येत नाही. मोटार उत्पादनाचे मोठे केंद्र असलेल्या पुणे-चाकण परिसरातही सामान्य गाडीमालकाला सहज भाड्याने घेता येईल असे पूर्ण सर्किट नाही.

मग सरकारने ते बांधावे का? बुद्ध सर्किटच्या संकुलाला सुमारे ८७५ एकर जागा लागली, आणि करांवरील वाद व आर्थिक अडचणींत फॉर्म्युला वन तीन वर्षांतच थांबली. शेतजमिनीचा एवढा तुकडा मूठभरांच्या महागड्या छंदासाठी का द्यायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण क्लबच्या ट्रॅक डेला फॉर्म्युला वनच्या दर्जाचे सर्किट लागतच नाही. कोइमतूरच्या दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर पिढ्या घडल्या. अशा छोट्या ट्रॅकवर ॲम्ब्युलन्स चालक, बसचालक आणि पोलीस चालक यांनाही आणीबाणीत ब्रेक लावण्याचे प्रशिक्षण देता येते. हौशी चालकांच्या शुल्कातून त्याचा काही खर्चही निघू शकतो. सर्किट टिकवायचे तर वर्षातल्या एका मोठ्या शर्यतीपेक्षा असे रोजचे भाडे अधिक उपयोगी पडते, हे ब्रिटनमधील अनेक छोट्या सर्किटनी दाखवले आहे.

नाव नोंदवण्याआधी काय विचारावे?

सार्वजनिक रस्त्यावर राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा केल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत जातो. तेव्हा हौसेची जागा सर्किटच. पण ‘ट्रॅक डे’ असा फलक लावला म्हणजे तो सुरक्षित झाला असे नाही. पैसे भरण्याआधी आयोजकाला हे प्रश्न विचारता येतात :

- सर्किटवर ॲम्ब्युलन्स, डॉक्टर आणि आग विझवणारे पथक पूर्ण वेळ हजर असेल का? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे?
- एका वेळी सर्किटवर किती गाड्या सोडणार? अनुभवानुसार गट असतील का? कार आणि मोटारसायकली एकत्र तर नाहीत ना?
- नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसणार का? त्याची पात्रता काय?
- गाडीची तपासणी कोण करणार? नापास गाडीला खरोखरच परत पाठवतात का?
- ओव्हरटेकिंगचे नियम लेखी मिळतील का? मोडणाऱ्याचे काय होते?
- सही करायच्या कागदाची प्रत आधी वाचायला मिळेल का? कठडा तुटला, गाडी उचलावी लागली तर खर्च कुणाचा?

या प्रश्नांची सरळ उत्तरे न देणाऱ्या आयोजकाकडे सर्किट कितीही चांगले असले तरी जाऊ नये. हेल्मेट भाड्याने मिळते, गाडीही काही ठिकाणी मिळते. पिटच्या तोंडाशी झेंडा घेऊन उभा असलेला प्रशिक्षित माणूस मात्र आयोजकानेच आणावा लागतो. फॉन्टानाच्या अपघातात वाद नेमका याच जागेवरून सुरू झाला होता.

‘ट्रॅकवर जा’ हा सल्ला म्हणून अर्धाच आहे. ट्रॅकवर वेग मिळतो, पण त्याआधी बैठकीला बसावे लागते, गाडी तपासून घ्यावी लागते, शेजारच्याचे ऐकावे लागते आणि मागून आलेल्या छोट्या गाडीला हात दाखवून पुढे जाऊ द्यावे लागते. ज्याला हे जमते, त्याला द्रुतगती मार्गावर चित्रफीत काढण्याची गरज सहसा वाटत नाही. ज्याला जमत नाही, त्याला दुसऱ्याच फेरीत काळा झेंडा दिसतो.